धागा: मराठीत विचारलं की मशीन आपल्याला महाराष्ट्रात नेऊन बसवतंय (एआय आणि बेळगावची वकिली)

काळा कोट (मूळ लेख)

गेल्या आठवड्यात खानापूर तालुक्यातल्या एक बाई ऑफिसात आल्या. वय पंचावन्नच्या पुढं. वडील २०११ साली वारले, उताऱ्यावर वारसा लागला तो फक्त भावांचा. पिशवीतनं उतारे काढायच्या आधी त्यांनी चार पानांचं प्रिंट माझ्यापुढं सरकवलं. "भाच्यानं मोबाईलवर अर्ज करून दिलाय सर. तुम्ही नुसतं वाचून सही करा. फी जरा कमी घ्या."

वाचायला घेतलं. मराठी इतकं स्वच्छ, की आमच्या कोर्टाच्या आवारात असं लिहिणारा आता शोधून मिळायचा नाही. मुद्दे ओळीनं, विनंती शेवटी, कुठं आकांडतांडव नाही. फक्त अर्ज होता महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १५० खाली, आणि अपिलाची वाट दाखवली होती कलम २४७ ची. जमीन खानापूरची! इथं कर्नाटक भूमहसूल कायदा १९६४ चालतो. वर्दी कलम १२८ ची, नोंद १२९ ची, नोंदीवर अपील १३६(२) खाली एसींकडं (असिस्टंट कमिशनर). चार पानांत कर्नाटक हा शब्द एकदाच होता, पत्त्यात.

पुढं आणखी गंमत. बाईंचं लग्न १९९२ चं. भाऊ म्हणतात, १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलीला हिस्सा नाही. हे अगदीच हवेतलं नाही बरं का. कर्नाटकानं हिंदू वारसा कायद्यात स्वतःची दुरुस्ती ३० जुलै १९९४ पासून लागू केली, तीत आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं. पण केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला आली आणि तो अडसर गेला. ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा निवाड्यात मुलीचा हक्क जन्मानंच येतो हेही पक्कं केलं. प्रिंटमध्ये तारीख होती २२ जून १९९४. म्हणजे महाराष्ट्राच्या दुरुस्तीची. उत्तर बरोबर निघालं, पण वाट सीमेवरच्या शिनोळीपलीकडची.

कारण उघड आहे. जमिनीच्या कायद्यावर मराठीत इंटरनेटवर जे आहे, ते जवळजवळ सगळं महाराष्ट्राचं. मशीन त्याच गठ्ठ्यावर वाढलंय. मराठीत विचारणारा माणूस कर्नाटकात राहत असेल, हे त्याला कोण सांगणार?

मी एआयच्या विरोधात नाही. दोन वर्षं झाली, मीच वापरतोय. जुन्या दाव्याची घटनावार यादी करायला, इंग्रजी ड्राफ्ट घासूनपुसून घ्यायला, कन्नड साक्षींचा मजकूर झटकन समजून घ्यायला. पूर्वी ज्या कामाला ज्युनियरची संध्याकाळ जायची ते चहा थंड व्हायच्या आत होतंय. म्हणून विचारतो: आपल्या भागात, जिथं पक्षकार मराठी, तालुका कोर्टाची भाषा कन्नड, हायकोर्ट इंग्रजी आणि जुने कागद मोडीत, तिथं या मशीनमुळं वकिलीत काय बदलेल? आधी कोणाचं काम जाईल?

---

टिळकवाडीकर

वकीलसाहेब, तुमचा लेख वाचून लगेच करून बघितलं. (निवृत्त माणूस, उद्योग काय दुसरा.) मराठीत विचारलं, "आमच्या आजोबांचं नाव कूळ म्हणून होतं, जमीन आमच्या मालकीची झाली का?" उत्तर आलं महाराष्ट्राच्या कूळ कायद्याचं: कलम ३२ग, कृषक दिन, १ एप्रिल १९५७. अगदी ठासून.

आमच्यात, म्हणजे कर्नाटकात, कुळाची जमीन म्हटली की फॉर्म सात (कुळाचा अर्ज) आणि लँड ट्रिब्युनल. इथला कूळ कायदा लागू झाला ती १ मार्च १९७४ ही तारीख आमच्या वडिलांना स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा जास्त पाठ होती.

---

प्रॉम्प्टपंत

बेंगळुरूहून लिहितोय, आयटीवाला आहे, मूळचा अनगोळचा. ही मशीनची चूक कमी आणि विचारणाऱ्याची जास्त. प्रश्नात पहिल्याच ओळीत लिहा, "जमीन कर्नाटकात, बेळगाव जिल्हा, कर्नाटकाचेच कायदे सांग." प्रश्न मिटला.

---

काळा कोट

पंत, तेही केलं. मग १९६४ चा कायदा आला, आणि खाली लिहिलं, "फेरफाराची नोंद गाव नमुना ६ मध्ये तपासावी." गाव नमुना ६ महाराष्ट्राचा. इथं रेकॉर्ड रूमला जाऊन नमुना ६ मागा, समोरचा माणूस तुमच्याकडं कसा बघतो ते बघा. सरळ चुकीचं असलं तर कळतं हो. वरचा मजला कर्नाटकाचा आणि पाया महाराष्ट्राचा, असं घर बांधून दिलं की नवख्याला कळतच नाही.

---

बाँडरायटर काका

नातवाकडनं टाईप करून घेतोय, चूकभूल माफ.

महाराष्ट्राचे शब्द बोलण्यात चालतात बघा, तलाठ्याला आमच्यात अजून तलाठीच म्हणतात. कागदावर मात्र चालत नाही.

मी कोर्टाच्या बाहेर पस्तीस वर्षं बसतोय. आधी झाडाखाली टाईपरायटर होता. मग कॉम्प्युटर आला, लोक म्हणाले आता हे उठणार. टाईपरायटर भंगारात गेला, मी राहिलो. पण या वेळी जरा वेगळं वाटतंय मला. परवा एक पोरगा खरेदीपत्राचा मसुदा मोबाईलमध्येच घेऊन आला. म्हणाला काका, नुसतं प्रिंट करा आणि ऑफिसला लावा. चतुःसीमा वाचली. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस विहीर. मी म्हटलं, बाबा, तुझी जागा मला माहीत आहे, तिथं विहीर कुठली? पोरगा म्हणतो, मी सांगितलंच नव्हतं, त्यानंच घातलं! रिकामी जागा सोडायची सवय नाही वाटतं त्याला. आम्ही माहिती नसली की टिंबटिंब सोडतो आणि पार्टीला विचारतो.

आणखी एक. जुना कन्नड दस्त त्यात घालून मराठी केलं तर "चक्कुबंदी"चं झालं "चकबंदी", आणि पुढं दोन ओळी जमिनीच्या एकत्रीकरणाच्या. अहो चक्कुबंदी म्हणजे चतुःसीमाच की!

---

ज्युनियर_२०२४

काका 🙏 विहीर भारी.

माझी सनद २०२४ ची. "आधी कोणाचं काम जाईल" याचं उत्तर मला माहीत आहे, माझं. सीनियर पूर्वी म्हणायचे, "मनाई हुकमाचा अर्ज करून आण, जुन्या फायलीत बघून." आता म्हणतात, "त्यात टाकून आण." त्यामुळं जुनी फाईल उघडायचं कारणच उरत नाही. मी शिकायचं कुठं?

निवाडे शोधायचं कामही तसंच. दोन महिन्यांपूर्वी त्याच्याकडं ताबा आणि मनाई हुकमावरचे कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठाचे निवाडे मागितले. तीन दिले. एकाला न्यूट्रल सायटेशन (कोर्टानंच निवाड्याला दिलेला क्रमांक) पण होतं, २०२३, केएचसी-डी, पुढं नंबर, सगळं बरोबर दिसतं. साईटवर तो नंबर टाकला तर उघडला मोटार अपघाताच्या भरपाईचा निकाल. नंबर खरा, निवाडा दुसराच! सीनियरांनी तसाच वाचला असता तर?

---

टिळकवाडीकर

असं खरंच कोर्टात गेलेलं आहे का कुणाचं? का नुसत्या व्हॉट्सॲपच्या गोष्टी?

---

काळा कोट

गेलेलं आहे. सगळ्यात गाजलेलं न्यूयॉर्कचं, २०२३ सालचं, माटा विरुद्ध एव्हियांका. विमानात ट्रॉली गुडघ्याला लागली म्हणून दावा. वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले निवाडे जोडले, कोर्टानं ते हजर करायला सांगितलं, तर निवाडेच नाहीत. वकिलानं मशीनलाच विचारलं होतं, "हे खरे आहेत ना?" ते म्हणालं, हो. पाच हजार डॉलर दंड.

लांब कशाला, आपल्याच राज्यातलं घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये आयकर अपील न्यायाधिकरणाच्या बेंगळुरू पीठानं एका करप्रकरणात आदेश दिला आणि काही दिवसांत मागं घेतला, कारण त्यात आधार घेतलेले काही निवाडे कुठल्याच पुस्तकात नव्हते. आणि मार्च २०२५ मध्ये कर्नाटक हायकोर्टानं खालच्या कोर्टाच्या एका निकालात सुप्रीम कोर्टाचे नसलेले निवाडे बघून चौकशीचा आदेश दिला. म्हणजे वकीलच फसतात असं नाही, खुर्चीपर्यंत गेलंय.

केरळ हायकोर्टानं जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी लेखी धोरणच काढलं: निष्कर्षाला पोचायला किंवा निकाल द्यायला एआय वापरायचं नाही, इतर कामाला वापरायचं तर मंजूर साधनंच, आणि जे बाहेर येईल ते माणसानं तपासायचं.

ज्युनियर, तुझ्या प्रश्नावर रात्री सविस्तर लिहितो. उद्या दोन साक्षी आहेत.

---

चंदगडी

आमचं शेत चंदगडात, घर बेळगावात. आम्हाला मशीन एकदम बरोबर सांगतंय 😄 तुम्हीच चुकीच्या बाजूला आहात. आता तर कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंचही आलं, ऑगस्ट २०२५ पासून. तुम्ही बसा धारवाडच्या गाडीत.

---

प्रॉम्प्टपंत

चला, मशीननं सीमाप्रश्न सोडवला म्हणायचा. सुप्रीम कोर्टात २००४ पासून दावा क्रमांक ४ पडून आहे, आणि याचा निकाल एका सेकंदात.

---

संपादक मंडळ

सीमाप्रश्नावर वेगळा धागा आहे, तिकडं जाऊन काय ते लिहा. इथं वकिलीवर राहू या. (दोन प्रतिसाद उडवले आहेत.)

---

निपाणीची सून

सगळे चुकाच सांगताय, मी जरा दुसरी बाजू सांगते.

माझ्या सासूबाईंना कन्नड वाचता येत नाही. माहेर कागलचं, शाळा मराठी. तालुक्याहून नोटीस आली की पूर्वी तंबाखूच्या वखारीतल्या दिवाणजींकडं जायचं. ते चष्मा पुसत वाचायचे, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर कळायचं की यांच्या जमिनीवर कोणी तक्रार केली. दिवाणजी गेल्यावर वाचायलाही कोणी उरलं नाही. सहा-सात वर्षांपूर्वी एक नोटीस महिनाभर देव्हाऱ्याच्या मागं पडून होती. तारीख टळली.

आता मोबाईल धरतात, मराठी येतं. ऐंशीच्या बाईला कुणाच्या दारात जायला लागत नाही. ही माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट, वकिलांचं काय व्हायचं ते होवो.

एक शंका मात्र आहे. मागच्या वेळी दिरांच्या जुन्या केसचा निकाल असा उतरला: "आरोपीचा खुलासा करण्यात येत आहे." आम्ही दोन दिवस डोकं खाजवत होतो, कसला खुलासा मागतायत?

---

काळा कोट

😄 ताई, पेढे वाटा. कन्नडात "खुलासे" म्हणजे निर्दोष सुटका. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. एकाच घरातले दोन भाऊ, एक वारणेच्या काठावर वाढला, एक मलप्रभेच्या.

"वजा"चं पण तसंच. "अर्जी वजा" म्हणजे अर्ज फेटाळला. मशीन कधीकधी लिहितं "अर्ज वजा करण्यात आला", आणि पक्षकार विचारतो, किती वजा केला सर? "तकरारू" म्हणजे हरकत, आपल्याला ऐकू येते तक्रार. तुमच्या नोटिशीत कदाचित कुणी तक्रार केलीच नसेल, नुसती हरकत घेतली असेल. कैफियत तेवढी दोन्हीकडं कैफियतच. दोन भाषांत सारखा दिसणारा शब्द आला की थांबायचं, हे आमच्या टायपिस्टला माहीत असतं. तो घरी मराठी, बाजारात कन्नड, कोर्टात दोन्ही बोलतो.

सुप्रीम कोर्टानं स्वतःचं भाषांतराचं साधन, सुवास, २०१९ मध्येच आणलं. त्याचे मराठी आणि कन्नड निवाडे निघतात, ते चांगलं आहे. पण तिथलाच प्रसिद्ध किस्सा की "लीव्ह ग्रँटेड" म्हणजे अपिलाची परवानगी, त्याचं हिंदीत सुट्टी मंजूर झालं होतं.

आणि ताई, एक विनंती. नोटीस वाचून घ्या, पण दिरांच्या केसची सगळी फाईल फुकटच्या ॲपात टाकू नका. वकिलाला सांगितलेलं वकिलाच्या पोटात राहतं, त्याला नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं (२०२३) कलम १३२ आहे. मोबाईलला सांगितलेल्याला तसं काही नाही. मी स्वतः नावं, सर्व्हे नंबर खोडून मगच टाकतो.

---

काळा कोट

ज्युनियर, आता तुझं. (साक्षी झाल्या. एक साक्षीदार आलाच नाही.)

पुण्या-मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये वकील तासाच्या हिशेबानं बिल लावतात. तिथं आठ तासांचं काम एका तासात झालं तर पक्षकार विचारणार, सात तासांचे पैसे कशाला? तिथं बदल फीमधनं येईल आणि लवकर येईल. आपल्याकडं दाव्याची फी ठोक, वर तारखेला काय ते. ड्राफ्ट एका तासात झाला काय, आठ तासांत झाला काय, पक्षकाराला सोयरसुतक नाही. वाटपाचा दावा बारा वर्षं चालतो तो ड्राफ्टिंगला वेळ लागतो म्हणून नव्हे. समन्स लागत नाही, मयताचे वारस रेकॉर्डवर येत नाहीत, कोर्ट कमिशनरचा मोजणीचा रिपोर्ट येत नाही. यातलं काहीही मशीन पुढं ढकलू शकत नाही.

म्हणून आपल्यात हळूहळू होईल. आधी पळतील ती सुटी कामं: नोटीस, भाडेकरार, साधं प्रतिज्ञापत्र. चेक बाऊन्सची नोटीस तर ते आताच बरी लिहितं. तीस दिवसांत नोटीस, पैसे द्यायला पंधरा दिवस, त्यानंतर महिन्यात फिर्याद, सगळं बरोबर सांगतं. पण तिथंही बघ. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, नोटिशीतली रक्कम चेकच्या रकमेशी तंतोतंत जुळलीच पाहिजे, टायपिंगची चूक ही सबब चालणार नाही. त्या केसमध्ये चेक एक कोटीचा आणि नोटिशीत दोन कोटी. जुन्या नमुन्यात नवीन नाव घालायची आपली सवय, तीच चूक आता जास्त वेगानं होईल.

नवीन फौजदारी कायद्यांचं तर विचारूच नको. १ जुलै २०२४ पासून फसवणूक ४२० ची ३१८(४) झाली, मशीनला अजून मधेच ४२० आठवतं. खरं सांगायचं तर मलाही.

तू शिकायचं कुठं, याला माझ्याकडं चोख उत्तर नाही. मी शिकलो ते सीनियरांनी माझ्या ड्राफ्टवर लाल रेघा मारल्या म्हणून. आता मीच माझ्या ज्युनियरला सांगतो, आधी हातानं लिही, मग मशीनचं काढ, दोन्ही शेजारी ठेवून आण. पहिले पंधरा दिवस पोरगं वैतागलं. परवा त्यानंच दाखवलं की मशीननं फिर्यादीत फिर्यादीचं कारण कधी घडलं तो परिच्छेदच घातला नव्हता.

---

ज्युनियर_२०२४

सर, तुमच्या ऑफिसात जागा आहे का? 😅

---

प्रॉम्प्टपंत

मी हट्टानं सांगतो, हे सगळं दोन-चार वर्षांत सुधारेल. कर्नाटकाचे कायदे, 'भूमी' या सरकारी संगणकीय नोंदींचे उतारे, धारवाडचे निवाडे व्यवस्थित घालून दिले की गाव नमुना ६ येणार नाही. मोडीसुद्धा. आयआयटी रुरकीनं २०२५ मध्ये मोडीवरून देवनागरी करणारं मॉडेल आणलंय. तुमचे रुमालातले कागद उद्या पोरगं मोबाईलवर वाचेल.

---

बाँडरायटर काका

वाचू दे की, चांगलंच आहे. मोडी वाचणारे आता हाताच्या बोटावर राहिले.

पण वाचणं वेगळं, कळणं वेगळं. आमच्या एका जुन्या वाटणीपत्रात होतं, "सोळा आण्यांत चार आणे हिस्सा धाकट्याचा". नातवानं घातलं मशीनला. उत्तर आलं, धाकट्या मुलाला पंचवीस पैसे देण्यात आले. सोळा एकरांतले चार एकर गेले की पोराचे!

---

टिळकवाडीकर

काका 😂😂 हा प्रतिसाद फ्रेम करून लावावा.

वकीलसाहेब, त्या खानापूरच्या बाईंचं पुढं काय झालं? प्रिंटचं काय केलंत?

---

काळा कोट

प्रिंट ठेवून घेतलं. घटनाक्रम चांगला लिहिला होता, तो माझ्या अर्जात जसाच्या तसा वापरला. फी कमी घेतली नाही.

आधी विचारलं, २० डिसेंबर २००४ पूर्वीचं नोंदणी झालेलं वाटप आहे का? तसं असतं तर हिस्सा मागायची वाटच बंद. नाही म्हणाल्या. मग वारशाच्या नोंदीची मूळ डायरी काढायला अर्ज टाकला. अपिलाची मुदत केव्हाच उलटलीय, त्यामुळं बाईंना त्या वेळी नोटीस मिळाली होती का, याच्यावर विलंब माफीचा अर्ज उभा राहणार. वाटपाचा दावा वेगळा लावायचा आहेच.

काल नक्कल हातात आली. नोटिशीच्या वारसांच्या यादीत बाईंचं नाव आहे, नोटीस पोचल्याच्या रकान्यात त्यांच्या नावापुढं डाव्या हाताचा अंगठा.

बाई बी.ए. आहेत. वकालतनाम्यावर माझ्यासमोर इंग्रजीत सही केली.

---

ज्युनियर_२०२४

मग अंगठा कोणाचा सर?

---

काळा कोट

भाऊ साक्षीला येईल तेव्हा विचारतो.